बिनकड्याचा शनी

माणसाला दिलेला शब्द मोडायच्या आपल्याकडे पुष्कळ सोयी आहेत. पाहुणे आले, साहेबांनी थांबवलं, पोट बिघडलं, नेटवर्क नव्हतं. कावळ्याला दिलेला शब्द मोडायची सोय मात्र अजून कुणी काढलेली नाही. जयवंत चिंदरकर नेमका तिथे अडकला, आणि तेही सोळा माणसांच्या साक्षीने.

झालं असं की घोडपदेवच्या त्यांच्या टॉवरमध्ये, चौदाव्या मजल्यावर, जयवंतच्या शेजारचे तात्या हडकर कोजागिरीनंतर चार दिवसांनी झोपेतच गेले. दहाव्याला मंडळी बाणगंगेवर जमली. पिंड ठेवला. कावळे भरपूर होते, पण एकही पुढे येईना. तात्यांची मुलगी अक्षदा हात जोडून म्हणाली, "बाबा, आईला मी बघीन." कावळ्यांनी ऐकून घेतलं, हलले नाहीत. मग सोसायटीचा सेक्रेटरी धनेश पुढे झाला आणि म्हणाला, "तात्या, तुमच्या बाथरूमचं लिकेज या महिन्यात काढून देतो." त्यावर सगळ्यात जवळचा कावळा उडून लांबच्या खांबावर जाऊन बसला. हे लिकेज तीन वर्षांचं होतं.

ऊन चढलं. गुरुजींना पुढचं काम दादरला होतं, ते दर्भाचा कावळा करून मोकळं व्हायच्या गोष्टी बोलू लागले. तात्यांची बायको दुर्गाकाकू, "बायकांनी कशाला यायचं" असं म्हणणाऱ्यांना न जुमानता आलेली, तोंडाला पदर लावून उभी होती. जयवंतची अर्ध्या दिवसाची रजा संपत आली होती, आणि माणूस उदार होतो तो बऱ्याचदा घाईतच. तो पुढे झाला आणि म्हणाला, "तात्या, मोठी दुर्बीण घ्यायची तुमची फार इच्छा होती. ती मी घेतो. आठ इंची."

शब्द संपायच्या आत कावळा खाली उतरला आणि त्याने पिंडाला चोच लावली. सोळा तोंडांतून एकदम सुस्कारा निघाला. धनेश जयवंतच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "मानलं भाऊ." जयवंतला त्या क्षणी अभिमान वाटला. तो टॅक्सीत बसेपर्यंत टिकला.

जयवंत विमा कंपनीत दाव्यांच्या खात्यात आहे. आधी दावा खोटा धरायचा आणि मग कागद बघायचे, ही त्याची बावीस वर्षांची शिस्त. भुताखेतांवर त्याचा विश्वास नाही. असलाच तर तो कागदपत्रांच्या अधीन आहे.

आता ही दुर्बीण काय भानगड होती ते सांगायला हवं. तात्या गिरणीत फिटर होते. गिरणी गेली तेव्हा त्यांनी दुःख वगैरे करायच्या ऐवजी एक पिंप उपडं घातलं, त्याच्यावर काच ठेवली, आणि काचेवर काच घासत सात महिने त्या पिंपाभोवती चकरा मारल्या. त्यातून चार इंच रुंदीचा आरसा तयार झाला. तो एका पाइपात बसवला, पाइप लाकडी खोक्यात ठेवला, की झाली दुर्बीण. तिच्यातून तात्यांनी एकतीस वर्षं अख्ख्या चाळीला आणि चाळीचा टॉवर झाल्यावर अख्ख्या टॉवरला शनीचं कडं दाखवलं. पोस्टमनला दाखवलं, सिलिंडरवाल्याला दाखवलं, टाकी साफ करायला आलेल्या रामूला दाखवलं. बघितलं नाही ते एका दुर्गाकाकूने. ती त्या दुर्बिणीला 'सवत' म्हणायची. चौदाव्या दिवशी तिने ती जयवंतच्या दारात आणून ठेवली आणि म्हणाली, "ही सवत तुझ्याकडेच ठेव रे बाबा. माका काय कळता त्यातला."

तर घरात आता चार इंची आली होती आणि आठ इंचीचा शब्द गेला होता. जयवंतची बायको सीमा शाळेच्या ऑफिसात काम करते, त्यामुळे नियम ती एकदाच सांगते. "तीनशे चौरस फुटांत दुर्बीण एकच राहील. मोठी आली की ही भंगारात जाईल. दोन्ही ठेवायच्या असतील तर त्यांच्यासोबत तुम्ही गच्चीवर राहा."

म्हणजे कावळ्याचा शब्द पाळायचा तर तात्यांचे सात महिने भंगारवाल्याच्या तराजूत घालायचे. न पाळायचा तर तात्या अडकून राहणार. जयवंतच्या डोक्याला मुंग्या आल्या. आधी जुनीतून नीट बघू, जमण्यासारखी असली तर कावळ्याची समजूत घालू, असं ठरवून तो एका संध्याकाळी साडेसातला धनेशकडून चावी घेऊन गच्चीवर गेला. चावीसोबत धनेशही गेला, कारण नियमाप्रमाणे चावी एकटी जात नाही.

टॉवरची गच्ची ही अजब जागा असते. खाली घोडपदेवची सगळी गडबड, आणि वर नुसत्या पाण्याच्या टाक्या आणि लिफ्टच्या मशीनची खोली. ती खोली मधूनच गुरगुरते आणि मधूनच गप्प होते. जयवंतने शनी शोधला, नळी लावली, डोळा टेकवला.

शनी होता. कडं नव्हतं.

नुसता पिवळट गोळा, काळ्या अंधारात एकटा. त्याने भिंग पुसलं, बदललं, चष्मा काढला, चष्मा लावला. मग धनेशने बघितलं. धनेशने या दुर्बिणीतून कडं वीसेक वेळा पाहिलं होतं. त्याने हळूच डोळा बाजूला घेतला आणि अगदी बारीक आवाजात म्हणाला, "भाऊ, तात्या घेऊन गेले."

"काय घेऊन गेले?"

"कडं."

"शनीचं कडं कुणी नेऊ शकतं का?"

"मग आहे कुठे?" धनेश म्हणाला. मशीनची खोली त्याच वेळी गुरगुरली आणि दोघांनी एकमेकांना पुढे जायचा आग्रह करत जिना गाठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॉवरभर बातमी झाली. सल्ले यायला लागले. कुणी म्हणालं, शनिवारी दुर्बिणीला तेल घाला. कुणी म्हणालं, कड्यामुळे शनी जागच्या जागी असतो, आता तो कुणाच्याही राशीत घुसेल. उन्मेष नावाचा सातव्या मजल्यावरचा इंजिनीअर, ज्याला विचारलं नसताना सगळं माहीत असतं, म्हणाला, "काका, आरसा गेलाय. जुना झाला. अपग्रेड करा." म्हणजे विज्ञान आणि कावळा यांचं एकमत झालं. जयवंतने मोठीच घ्यायची असं मनाशी ठरवलं, आणि सोसायटीकडे गच्चीवर ती ठेवायची परवानगी मागितली.

धनेशने छापील अर्ज दिला. तो मुळात मोबाइलच्या अँटेनासाठी छापलेला होता. 'यंत्रातून लहरी निघतात काय?' नाही. 'पक्ष्यांस धोका?' इथे जयवंत जरा थबकला, मग त्याने तिथेही 'नाही' लिहिलं. 'उद्देश' या रकान्यात त्याने लिहिलं: शनी.

धनेशने अर्ज परत केला. "कमिटीत दोघांना साडेसाती चालू आहे, भाऊ. उगाच लफडा होईल. गुरू लिहा."

गुरू लिहून अर्ज पुन्हा गेला. मग गच्चीखालच्या, बाविसाव्या मजल्यावरच्या मंडळींची ना-हरकत हवी होती. तिथल्या शेवंतीबाईंनी दुर्बीण बाहेर बघणार की आत, असं विचारून जयवंतला दारातच उभं केलं. दुर्बीण फक्त वर बघते, असं तो पंधरा मिनिटं समजावत होता. समोरच्या टॉवरमध्ये ही बातमी अर्ध्या दिवसात पोचली आणि तिथल्या तीन मजल्यांना जाड पडदे लागले. ऑफिसात बावीस वर्षं दुसऱ्यांच्या अर्जांवर शेरे मारणाऱ्या माणसाची ही अवस्था व्हावी, हे जयवंतला फार लागलं.

पण घरात जे सुरू झालं होतं त्याच्यापुढे हे काहीच नव्हतं.

चार इंची दुर्बीण फ्रिज आणि चपलांच्या स्टँडच्या मध्ये ठेवली होती, तोंड खिडकीकडे, तोंडावर डब्याचं स्टीलचं झाकण. एका संध्याकाळी सीमा घरी आली तर नळीचं तोंड भिंतीकडे वळलेलं, आणि झाकण फ्रिजवर, उलटं ठेवलेलं. तिला वाटलं नवऱ्याने वळवली. नवऱ्याला वाटलं बायकोने वळवली. त्यावरून दोघांचं व्हायचं ते झालं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच, आणि त्या दिवशी घराला दुपारपासून कुलूप होतं. जयवंतने खोक्याचा स्क्रू आवळला. इतका आवळला की नळी त्याच्याच हाताने हलेना. चौथ्या दिवशी ती भिंतीकडे वळलेली होती.

सीमा या प्रकाराला मुळीच घाबरली नाही, असं तिने स्वतःच सांगितलं. तिने शिवणाचा दोरा घेतला, नळीला बांधला, दुसरं टोक फ्रिजच्या हँडलला बांधलं आणि वर सात गाठी मारल्या. मग दोघं टीव्ही लावून बसले. सातच्या सुमाराला बातम्यांच्या आवाजाखाली दुसरा एक आवाज आला. काचेवर काच घासावी तसा, संथ आणि गोल. दोघांनीही मान वळवली नाही. आपण बघितलं नाही तर ते झालंच नाही, असा एक सर्वमान्य समज आहे. आवाज थांबल्यावर जयवंत उठला. नळीचं तोंड भिंतीकडे होतं. सातही गाठी सुटल्या होत्या, आणि दोरा नीट गुंडाळून, टोक आत खोचून, त्या उलट्या झाकणात ठेवलेला होता.

गिरणीतला माणूस दोरा कधी पसरलेला ठेवत नाही.

सीमाने टीव्ही बंद केला आणि फक्त एवढंच विचारलं, "मोठी कधी येणार?"

धनेशचंही तेच म्हणणं पडलं. "तात्यांना घाई झालीय, भाऊ. लिफ्टचंही तेच. रोज सातला कुणी न बोलावता चौदाव्यावर येते, दार उघडून थांबते आणि रिकामी वर जाते. मेकॅनिक म्हणतो सेन्सर. मी रजिस्टरमध्ये सेन्सरच लिहिलंय, पण मी आता जिन्याने ये-जा करतो." जयवंतला वाटत होतं ते उलटं. तात्यांना आपली दुर्बीण भंगारात जायला नकोय, म्हणून ते तोंड फिरवतायत. भिंतीच्या पलीकडे काय आहे हा विचार दोघांच्याही डोक्यात आला नाही. भिंत म्हटली की आम्हा लोकांना फक्त लिकेज आठवतं.

शेवटी एका शनिवारी जयवंत हिंदमाताला गेला. तिथे साड्यांच्या दुकानांच्या वर, दुसऱ्या मजल्यावर, मृणालिनीबाई राहतात. कॉलेजात फिजिक्स शिकवायच्या, आता निवृत्तीनंतर लोकांना दुर्बिणी निवडून देतात. त्यांच्या बैठकीत आठ इंची उभी होती. गिझर जमिनीवर उतरून चालत आला असावा एवढी. जयवंतला सीमाचा चेहरा दिसला.

त्याने सगळी हकीकत सांगितली. कावळा आणि दोरा तेवढा वगळला, कारण बाई फिजिक्सच्या. शनीचं कडं गेलं म्हणाल्यावर मृणालिनीबाई हसल्या.

"गेलं नाही हो. कडं फार पातळ असतं. साधारण पंधरा वर्षांनी एकदा ते आपल्याकडे धार करून उभं राहतं, तेव्हा दिसत नाही. यंदा नोव्हेंबरात तेच चाललंय. हवा अगदी स्वच्छ असेल तर केसाएवढी रेघ दिसेल. या मोठीतूनही यंदा रेघच दिसणार. तुमच्या आरशात काही दोष नाही."

जयवंतला इतकं हलकं वाटलं की तो सोफ्यावर बसला. मग बाईंनी विचारलं, "आरसा कुणी घासला म्हणालात? हडकरांनी? ते येऊन गेलेत माझ्याकडे. तीनदा."

"मोठी घ्यायला?"

"हो. तिन्ही वेळा याच सोफ्यावर बसून तासभर विचार केला, आणि तिन्ही वेळा घेतली नाही. शेवटच्या वेळी मी विचारलं, अडचण जागेची आहे का? तर म्हणाले, जागेचं नाही हो बाई. ज्या माणसासाठी आरसा घासला, त्या माणसाने अजून ह्यातूनच बघितलं नाही. मोठी घेऊन कुणाला दाखवू?"

खाली रस्त्यावर एक दुकानदार गिऱ्हाइकांना हाका मारत होता. जयवंतला बराच वेळ तेवढंच ऐकू येत होतं. तात्यांची मोठीची इच्छा फार मोठी होती, हे तो सोळा माणसांपुढे सांगून बसला होता. त्यांना मोठी नकोच होती. दावा खोटा होता, आणि त्याने कागद न बघता मंजूर केला होता.

पण मग कावळा उतरला कसा?

तो घरी न जाता शेजारच्या दारात उभा राहिला. दुर्गाकाकूने दार उघडलं. आत तिने स्वयंपाकघरातल्या भिंतीला पाठ लावून बसायला पाट मांडला होता, लसूण सोलायला घेतली होती. ती भिंत जयवंतच्या फ्रिजमागची.

"काकू, एक विचारू? बाणगंगेवर कावळा शिवला, तेव्हा तुम्ही मनात काही बोललात का?"

दुर्गाकाकू पाकळी सोलत राहिली. मग म्हणाली, "तू मोठ्याने बोलत होतास म्हणून तुझं ऐकलं सगळ्यांनी. मी म्हटलं, या हो आता, किती छळाल पोरांना. बघीन मी एकदा तुमच्या त्या नळीतून. तर मेला लगेच आला."

"आणि बघितलंत?"

"सांगितलं तर खरं. पण ते असताना एकतीस वर्षं बघितलं नाही, आणि आता कुठल्या तोंडाने बघू? त्यांनी सात महिने पिंपाभोवती चकरा मारल्या, घरात खायचे वांधे, आणि मी रागाने म्हटलं मरेपर्यंत डोळा लावणार नाही. ते गेले तरी माझा राग आपला तिथेच." तिने लसूण बाजूला सारली. "रोज सातला या भिंतीतून काहीतरी घासल्यागत ऐकू येतं रे जयवंता. मला माहितीय ते काय आहे. रोज म्हणते, उद्या."

जयवंतने घड्याळ बघितलं. सात वाजून पाच मिनिटं झाली होती. बाहेर पॅसेजमध्ये लिफ्ट येऊन थांबल्याचा आवाज आला, आणि दार उघडल्याचा. मिटल्याचा आला नाही.

"काकू," तो म्हणाला, "आजच चला."

नळी त्याने उचलली, खोकं सीमाने उचललं. धनेश चावी घेऊन जिन्यानेच वर निघाला. लिफ्ट दार उघडं ठेवून उभी होती. तिघं आत शिरल्यावर दार मिटलं आणि कुणी बटण दाबायच्या आत लिफ्ट निघाली. सीमाने जयवंतचा दंड धरला आणि वर पोचेपर्यंत सोडला नाही.

गच्चीवर वारा होता आणि हवा कधी नव्हे इतकी धुतलेली होती. जयवंतने शनी नळीत आणला आणि काकूला समजावलं. "पृथ्वी फिरते ना, म्हणून तो दीड मिनिटात सरकून बाहेर जातो. गेला की सांगा, मी नळी हलवून परत आणून देतो."

दुर्गाकाकूने दोन्ही हात पदरात गुंडाळले. नळीला तिचा हात लागू द्यायचा नव्हता बहुतेक, एकतीस वर्षांची सवय. ती वाकली आणि तिने डोळा टेकवला. मशीनची खोली गप्प होती.

"मणी आहे," ती म्हणाली. "दोऱ्यात ओवलेला."

तात्या गेल्यापासून जयवंतला कडं एकदाही दिसलं नव्हतं. त्याला हेवा वाटला, आणि लाजही वाटली. दीड मिनिट झालं. तो नळीपासून दोन हात लांब उभा होता. "सरकला का?" त्याने विचारलं.

"नाही."

तीन मिनिटं झाली. पाच झाली. काकूचे हात पदरात होते. सीमा टाकीजवळ होती, धनेश जिन्याच्या दारात, अर्धा आत. जयवंतने पुन्हा विचारलं, तेव्हा ती जरा वैतागून म्हणाली, "मधोमध आहे रे. हलत नाहीये. बघू दे की."

मग जयवंतने नळीकडे नीट बघितलं. खालच्या टोकाशी, जिथे तात्या नेहमी दोन बोटं ठेवायचे, तिथे काही नव्हतं. आणि नळी हलत होती. केसाएवढी, थांबून थांबून, शनीच्या मागोमाग. खोक्याच्या स्क्रूचा बारीक कुरकुर आवाज येत होता. धनेशनेही तो ऐकला असावा, कारण तो दारातच खाली बसला. जयवंत भ्यायला हवा होता. तो फक्त नळीपासून आणखी एक पाऊल मागे सरकला, कुणाच्या मध्ये यायला नको म्हणून.

वीस मिनिटांनी दुर्गाकाकू डोळा न काढता म्हणाली, "अहो, पुरे आता. दमला असाल. सोडा."

कुरकुर थांबली. ती आणखी दीड मिनिट तशीच वाकून राहिली, मग सावकाश सरळ झाली आणि डोळ्याला पदर लावला. शनी गेला होता. मशीनच्या खोलीत मोटार सुरू झाली आणि लिफ्ट रिकामी खाली उतरत गेल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

जिन्याच्या पहिल्या पायरीवर काकू थांबली. जयवंत खोकं उचलत होता.

"आणि ती मोठी घेऊ नको हां," ती म्हणाली. "त्यांचा हात हिच्यावरच बसलाय."